दाबाचा हिशेब

स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर घरोघरी ओळखीचा असतो. सिलिंडरातला दाब काहीही असो, शेगडीकडे जाणारा दाब तो बेताचा ठेवतो. मोटारीतही त्याचा एक चुलतभाऊ असतो. पण बॉनेटखाली दडलेला असल्यामुळे त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. टर्बो गाडी आणखी पळवण्याचा नाद लागलेल्या तरुणांना मात्र आज ना उद्या त्याच्या दारी जावेच लागते.

आमच्या सोसायटीतल्या अशाच एका तरुणाने १.८ लिटर टर्बो इंजिनाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली. तिला बाहेरचा, दाब हवा तसा लावता येणारा रेग्युलेटर बसवावा असे त्याच्या मनाने घेतले. वडिलांनी त्याला माझ्याकडे धाडले. बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस खर्चाला तरी कात्री लावील, असा त्यांचा होरा असावा.

"काका, घेऊ का?" त्याने विचारले.

"आधी हे सांग, गरज कुणाला आहे? इंजिनाला की तुला?"

या भागाचे काम मला बँकेच्या शाखेसारखे वाटते. शाखेत रोकड ठरावीक मर्यादेपर्यंतच ठेवायची, जास्तीची करन्सी चेस्टकडे पाठवायची. अशा गाडीतला पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो. रेग्युलेटर ठरलेला दाब राखून उरलेले परतीच्या नळीने टाकीत धाडतो. ही मर्यादा साधारण ३ बारची असते. पण टर्बो इंजिनात १ बार जादा दाबाने हवा कोंबू लागला, की इंजेक्टरच्या तोंडाशी उलटा रेटा येतो. म्हणून इनटेक मॅनिफोल्डपासून एक बारीक नळी रेग्युलेटरला जोडलेली असते. हवेचा दाब १ बारने वाढला की पेट्रोलचाही तेवढाच वाढून ४ बार होतो. तसे झाले नाही तर इंजेक्टरमधून सुमारे १८ टक्के पेट्रोल कमी जाते, आणि तेही नेमके इंजिनाला जास्त हवे असताना. मग इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते.

तेव्हा निवड करताना पहिली कसोटी हीच, की दाब एकास एक प्रमाणात वाढावा. हवेच्या कितीतरी पट दाब वाढवणारे रेग्युलेटरही मिळतात. छोट्या इंजेक्टरवर वेळ मारून नेण्याची ती युक्ती. कॉम्प्युटर नीट ट्यून करता येत असेल तर तिची गरज नाही. दुसरी कसोटी परतीच्या वाटेची. मोठा पंप बसवला आणि रेग्युलेटरचे तोंड अरुंद राहिले, तर इंजिन नुसते चालू ठेवले असतानाही दाब चढत राहतो. तिसरी आतल्या पडद्याची. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते सोसणारे रबर नसेल तर पडदा लवकर खराब होतो. दाब मोजण्याचा गेज लावायला जागा असावी आणि नकली माल टाळावा, हे वेगळे सांगायला नकोच.

टाकीतच रेग्युलेटर असलेल्या, परतीची नळी नसलेल्या गाड्यांना हा भाग सरळ बसत नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत तर उच्च दाबाचा कारभार कॉम्प्युटरकडेच असतो.

आमच्या तरुणाने आधी गेज लावून घेतला. मॅनिफोल्डची बारीक नळी काढून तिचे तोंड बंद केले, तेव्हा दाब बरोबर ३ बार भरला. पंप मूळचा, इंजेक्टर मूळचे. म्हणजे जुना रेग्युलेटर आपले काम चोख करीत होता. पेट्रोलच्या नळ्या मात्र वयाने तडकल्या होत्या. टर्बोचे पोलाद तापून लाल होते. त्यावर पेट्रोलची बारीक धार उडाली तर गाडीला आग लागायला वेळ लागत नाही. रेग्युलेटरचे पैसे त्याने नळ्यांना आणि क्लिपांना लावले.

ज्यांना खरोखर ताकद वाढवायची आहे त्यांनी कायदाही पाहावा. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल, असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे. विमा कंपनीलाही न विचारता पुढे जाऊ नये. मुलाचा हट्ट मोडण्यापेक्षा त्याच्या हाती गेज द्यावा. आकडा समोर आला की निम्मे वाद घरातल्या घरात मिटतात.