जाणत्यांची पाककृती-पुस्तके

परभणीच्या नागरिकांपुढे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारांच्या पुस्तकांविषयी बोलावयाचे, आणि तीही नवशिक्यांची नव्हेत तर मुरलेल्या प्रोग्रॅमरांची, हे ऐकून हा विषय आपला नव्हे असे काहींना वाटण्याचा संभव आहे. तथापि सातबाराचा उतारा, पिकाची नोंद, विम्याचा अर्ज, शिष्यवृत्ती ही कामे आज वेबवरच्या ॲप्लिकेशनांमार्फत होतात. ती ॲप्लिकेशने उभी करणाऱ्या माणसाच्या टेबलावर कोणते पुस्तक आहे आणि त्या पुस्तकात काय लिहावयाचे राहून गेले आहे, याचा संबंध जिंतूर-सोनपेठकडच्या शेतकऱ्याच्या हेलपाट्यांशी थेट येऊन पोचतो. म्हणून हा विषय.

प्रथम ‘फ्रेमवर्क’ या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. कोणतेही वेब ॲप्लिकेशन घ्या. त्याला काही ठरावीक कामे करावीच लागतात. आलेली मागणी ओळखावयाची, माहितीच्या साठ्यातून हवे ते काढावयाचे, ते पानावर मांडून परत पाठवावयाचे आणि मागणारा माणूस खरा आहे की नाही हेही पाहावयाचे. ही कामे प्रत्येकाने नव्याने लिहिण्याऐवजी कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेला सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. आपल्याकडील तिफण डोळ्यांपुढे आणावी. फण तीन, त्यांतील अंतर ठरलेले, नळ्या बसविलेल्या. पेरणारास चाड्यावर मूठ धरावयाची तेवढी राहते. सोय मोठी, पण अंतर तिफण करणाऱ्याने ठरविलेले असते हेही विसरून चालत नाही. ‘रुबी ऑन रेल्स’ हे फ्रेमवर्क डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश गृहस्थाने २००४ साली लोकांपुढे ठेवले. ‘जँगो’ २००५ साली खुले झाले, आणि त्याचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. लॉरेन्स हे काही महानगर नव्हे, ही गोष्ट आपण परभणीकरांनी मनाशी नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

या फ्रेमवर्कांवरील पुस्तके तीन जातींची असतात. पहिली बालबोध, ‘संगणक सुरू करा’ येथून आरंभ करणारी. दुसरी कोशासारखी, प्रत्येक आज्ञेचा अर्थ देणारी. तिसरी जात आज आपल्यापुढे आहे ती. तिला त्या धंद्यात ‘कुकबुक’ म्हणतात आणि तिच्यातील प्रत्येक नोंदीला ‘रेसिपी’, म्हणजे पाककृती. १९९८ सालच्या ‘पर्ल कुकबुक’ने या नोंदीची घडण रूढ केली: आधी समस्या, मग उपाय, मग चर्चा. पुढे २००६ साली चॅड फाउलर यांचे ‘रेल्स रेसिपीज’ निघाले. याच लेखकाने त्याच्या आदल्या वर्षी ‘माझी नोकरी हिंदुस्थानात गेली’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक अमेरिकन प्रोग्रॅमरांसाठी लिहिले होते, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

पाककृती म्हटले की आपल्याला कमलाबाई ओगले यांची १९७० सालची ‘रुचिरा’ आठवते. वाटी-चमच्याच्या मापाने तिने कित्येक नवख्या हातांना स्वयंपाक शिकविला. पण लग्नात पाचशे पाने वाढावयाची आहेत, पंगत बसली आहे आणि आमटी खारट झाली आहे, अशा वेळी आचाऱ्याला ‘रुचिरा’ देऊन उपयोग नाही. त्याला फोडणी कशी करावी हे ठाऊक आहे. त्याला अडचण सांगणारे आणि त्या अडचणीपुरतेच बोलणारे कोणी हवे असते. आपल्या येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशी याच धाटणीच्या असतात. नांगर कसा धरावा हे त्यांत नसते. कोणत्या जमिनीत, कोणत्या हंगामात, काय करावे एवढेच असते. शिफारशीतील अट वगळून नुसता उपाय उचलला तर काय होते, हे शेती करणारास सांगावयास नको. कुकबुकातही खरे मोल ‘चर्चा’ या तिसऱ्या भागाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उपाय कोणीही देईल. तो कोठे लागू पडणार नाही हे अनुभवीच सांगू शकतो.

एक सोपे उदाहरण पाहू. पाचशे शेतकऱ्यांची यादी दाखवावयाची, प्रत्येकापुढे त्याच्या गावाचे नाव. प्रोग्रॅम आधी यादी आणतो आणि मग प्रत्येक ओळीसाठी गावाचे नाव विचारावयास पुन्हा साठ्याकडे जातो. फेऱ्या होतात पाचशे एक. जणू कारकून दर नावाला उठून रेकॉर्डखोलीत जातो आहे. घरच्या संगणकावर पाच नावांची चाचणी घेताना हे कळतही नाही. अर्जांच्या शेवटच्या दिवशी कळते. जँगोमध्ये यावर दोन उपाय आहेत. ‘सिलेक्ट रिलेटेड’ हा गावे आणि शेतकरी एकत्र जोडूनच एका फेरीत आणतो. ‘प्रीफेच रिलेटेड’ हा दुसरी एक फेरी करून लागणाऱ्या सगळ्या नोंदी एकदम आणतो. शेतकऱ्याचे गाव एकच, तेथे पहिला योग्य. शेतकऱ्याचे गट मात्र अनेक असू शकतात, तेथे दुसरा. कारण जोडून आणल्यास तोच शेतकरी जितके गट तितक्या वेळा येईल.

दुसरी अडचण दोनदा दाबलेल्या बटणाची. नेटवर्क मंद, पान हलत नाही, माणूस पुन्हा बटण दाबतो आणि नोंदी दोन होतात. नवशिका म्हणतो, बटण एकदा दाबले की बंद करा. पण मागणी पोचली, उत्तर मात्र वाटेत हरवले, आणि माणसाने पान बंद करून नव्याने उघडले तर? जाणता म्हणतो, एक शेतकरी, एक गट, एक हंगाम यांची दुसरी नोंद साठ्यानेच नाकारावी आणि पहिलीचीच पावती पुन्हा द्यावी. आता येथे परभणीचा माणूस हात वर करील. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक असते. एका गटात, एका हंगामात पिके दोन. तेव्हा त्या अटीत पीकही घातले पाहिजे, नाहीतर तूर नोंदविता येणार नाही. ही अट बाहेरच्या पुस्तकात सापडावयाची नाही.

तिसरे उदाहरण तर आपल्या जिल्ह्याच्या नकाशातूनच निघते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर आपल्याकडून तिकडे गेले. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला आणि कळमनुरी, वसमत ही गावे परभणी जिल्ह्याबाहेर पडली. समजा, एखाद्याने पिकांच्या जुन्या नोंदींचे ॲप्लिकेशन लिहिले आणि प्रत्येक गावापुढे आजचा जिल्हा लिहून टाकला. मग १९९५ सालची परभणीची बेरीज मागितली की वसमत त्यातून गळते आणि आकडा जुन्या छापील अहवालाशी जुळत नाही. उलट जुनेच नाव ठेवले तर आजचे अर्ज चुकीच्या कचेरीत जातात. याला जाणत्यांच्या पुस्तकांतील उपाय असा: जुनी ओळ कधीही खोडू नये, गाव आणि जिल्हा यांचे नाते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होते ते नोंदवावे आणि विचारताना तारखेसह विचारावे. हे वाचून सोपे वाटते. खोच अशी की जुने नाते १ मे रोजी संपले आणि नवे १ मे रोजी सुरू झाले असे लिहिले तर तो एक दिवस दोन्ही जिल्ह्यांत मोजला जातो. म्हणून आरंभीची तारीख धरावी, शेवटची धरू नये, हा संकेत. ‘पोस्टग्रेस’ या साठ्यात दोन कालखंड एकमेकांवर चढू नयेत असा निर्बंधच घालता येतो, तो घालावा. कृषी विद्यापीठाचेही तेच: स्थापना १९७२ ची, वसंतराव नाईकांचे नाव जोडले गेले २०१३ साली, १९९० सालच्या पदवीधराच्या नोंदीत त्या वेळचेच नाव यावयास हवे. तरीपण ‘चर्चा’ येथे हात धरते. प्रत्येक गोष्टीला अशा तारखा लावीत बसल्यास साधा प्रश्नही जड होतो. ज्याचा जुना आकडा कोणी कधी विचारणार नाही, त्याला इतिहास ठेवू नये.

या पुस्तकांचे आयुष्य फार नसते, हेही सांगितले पाहिजे. फ्रेमवर्क बदलले की पाककृती शिळी होते. ‘रेल्स रेसिपीज’ सहा वर्षांनी, २०१२ साली, नव्या रेल्ससाठी फिरून काढावे लागले. समस्या मात्र बहुधा तीच राहते.

आता राहिले ते पुस्तकांबाहेरचे काम. ‘कऱ्हाळे’ हे आपल्या बाजूचे आडनाव घ्या. त्यातील ‘ऱ’ एका स्वतंत्र संकेताने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता असे दोन संकेत जोडून. युनिकोड या दोहोंना एकच मानते आणि एकरूप करण्याची रीतही देते. परंतु ‘र’, हलन्त आणि ‘झिरो विड्थ जॉइनर’ हा न दिसणारा संकेत वापरूनही डोळ्यांना तेच ‘ऱ्ह’ दिसते, आणि त्याला ती रीत हात लावीत नाही. ‘ॲ’ या अक्षराचेही असेच. त्याला स्वतंत्र संकेत मिळाला २००८ साली, त्यापूर्वीच्या नोंदी ‘अ’ वर चंद्र जोडून केलेल्या. एका कचेरीत एका पद्धतीने टाइप झालेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधले की ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते आणि माणूस घरी परततो. कागदावर दोन्ही कऱ्हाळे सारखेच दिसत असल्याने कारकुनाचाही इलाज चालत नाही.

ही पाककृती मराठीत कोणी लिहावयास बसला तर तिचा ‘उपाय’ असा होईल: मूळ नाव टाइप झाले तसेच राहू द्यावे, कारण कागदपत्रावर तेच छापले गेले आहे, शोधण्यासाठी शेजारी दुसरा रकाना करून त्यात एकरूप केलेले नाव ठेवावे आणि शोधणाराच्या शब्दालाही तोच संस्कार करावा. आणि ‘चर्चा’ अशी की, न दिसणारे संकेत सरसकट काढून टाका हा इंग्रजीसाठी दिला जाणारा सल्ला येथे घातक आहे. हलन्तापुढचा तो जॉइनर काढला की ‘आचाऱ्यांना’ याचे ‘आचार्यांना’ होते आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. तेव्हा आधी जॉइनर असलेल्या ‘र’ च्या जागी ‘ऱ’ घालावा, आणि त्यानंतरच उरलेले न दिसणारे संकेत काढावेत.