पाणी ओसरल्यावर: जुन्या जालन्यातील पूरग्रस्त कुटुंबांना सरकारी मदत कशी मिळते

जालना म्हटलं की बाहेरच्या माणसाला स्टीलचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबी आणि टँकर आठवतो. पूर आठवत नाही. जिल्ह्यात वर्षाला साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. त्यामुळे इथल्या प्रशासनाचा हात बसला आहे तो दुष्काळाच्या कामावर: टँकरच्या खेपा, चारा छावण्या, विहिरींचं अधिग्रहण. २०१२-१३ च्या दुष्काळात तर जालना राज्यभर गाजलं. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीने आणि पुराने मात्र हा हिशेब उलटा करून टाकला. घरात पाणी शिरलेल्या माणसाला कोणाकडे जायचं, काय मागायचं हे माहीत नव्हतं. ते माहीत असावं म्हणून ही माहिती.

दोन नद्या, दोन तऱ्हेचे पूर

कुंडलिका शहराच्या मधून वाहते. तिच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. वर घाणेवाडीचा निजामकालीन तलाव आहे. सीना नदीही शहरातूनच जाते. एरवी या नद्यांत पाण्यापेक्षा प्लास्टिक आणि सांडपाणीच जास्त दिसतं. पण रात्रीतून मोठा पाऊस झाला की नाले तुंबतात, नदी पात्र सोडते आणि सखल वस्त्यांत पाणी घुसतं. हा पूर चढतो तितक्याच झपाट्याने उतरतो. मागे राहतो तो चिखल, भिजलेल्या गाद्या आणि फुगलेलं धान्य.

जिल्ह्याच्या दक्षिणेला गोदावरीचा पूर वेगळा. पैठणच्या जायकवाडी धरणातून विसर्ग वाढला की अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांतल्या गोदाकाठच्या गावांना त्याचा फटका बसतो. २८ सप्टेंबर २०२५ च्या सुमारास हा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या पुढे गेला. शहागड, गोंदी परिसरातल्या कुटुंबांना घरं सोडून सुरक्षित जागी जावं लागलं. तिथे पाणी येणार याची आधी सूचना मिळते, पण आलेलं पाणी लवकर हटत नाही. सरकारी नियम लिहिताना डोळ्यांसमोर असतो तो हा पूर. कुंडलिकेचा नव्हे. जुन्या जालन्याची सगळी अडचण इथून सुरू होते.

पैसा कोणाचा

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. मदतीचा पैसा येतो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. कोणत्या नुकसानीला किती द्यायचं याचे दर केंद्राचं गृह मंत्रालय ठरवतं. राज्याला वाटलं तर स्वतःच्या तिजोरीतून त्यात भर घालता येते, आणि मोठ्या पुरानंतर राज्य ती घालतंही. म्हणून दोन वर्षांच्या दोन पुरांत दोन वेगळ्या रकमा ऐकू येतात. शेजारच्या गावात गेल्या वेळी अमुक मिळालं म्हणून यंदाही तेवढंच मिळेल, असं धरून चालू नये. त्या पुरासाठी निघालेला शासन निर्णय पाहावा.

पहिले काही दिवस

घर सोडावं लागलं तर निवारा, जेवण, पिण्याचं पाणी, औषधपाणी आणि शौचालयाची सोय या गोष्टी मेहेरबानीच्या नाहीत. कायद्याच्या कलम १२ मध्ये मदतीच्या किमान दर्जात त्या स्पष्ट धरलेल्या आहेत. कलम ६१ सांगतं की मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. शहरात ही सोय महापालिका आणि तहसील कार्यालय मिळून करतात, बहुतेक वेळा शाळा किंवा मंगल कार्यालयात. २०२३ पासून जालन्यात नगरपालिका जाऊन महापालिका आली आहे, हे अजून बऱ्याच जणांच्या तोंडात बसलेलं नाही.

निवाऱ्यात गेल्यावर एक काम विसरू नये: नोंदवहीत घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहून घ्यावं. नातेवाइकाकडे राहायला गेलात तर ही नोंद होत नाही. बरीच कुटुंबं पाहुण्यांकडेच जातात आणि सरकारच्या लेखी ती विस्थापित झालेलीच नसतात. अशा वेळी जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर फोन करून घरात पाणी शिरल्याचं कळवावं आणि कोणत्या तारखेला, किती वाजता कळवलं ते लिहून ठेवावं.

पंचनामा: सगळी मदार या कागदावर

मंत्री येऊन पाहणी करतात, फोटो निघतात, पण पैसे मिळतात ते पंचनाम्यावर. गावात हा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. २०२४ पासून तलाठ्याचं पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, तरी लोक तलाठीच म्हणतात. शहरात तलाठ्यासोबत महापालिकेचा कर्मचारी असतो. घराची पडझड किती टक्के झाली, हे ठरवायला अभियंत्याचं मत घेतलं जातं.

पंचनाम्यात घरमालकाचं नाव, घर पक्कं की कच्चं, नुकसान पूर्ण की अंशतः, अंशतः असेल तर किती टक्के, पाणी किती वेळ होतं, भांडीकुंडी-कपड्यांचं नुकसान, मेलेली जनावरं अशा गोष्टी येतात. खाली पंचांच्या आणि तुमच्या सह्या होतात. ‘अंशतः’ या एका शब्दाने लाखाची मदत काही हजारांवर येते. तेव्हा सही करण्याआधी कागद वाचा. वाचता येत नसेल तर गल्लीतल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला बोलवा. गडबडीत कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका.

पंचनामा व्हायला दोन-चार दिवस लागतात आणि तोवर चिखलात कोणी राहू शकत नाही. घर धुवायचंच आहे. पण धुण्याआधी भिंतीवर पाणी चढल्याची जी मातकट रेघ उठलेली असते, तिचा फोटो काढा. त्या रेघेजवळ घरातलं कोणीतरी उभं राहिलं तर पाण्याची उंची आपोआप कळते. दारावरचा घर क्रमांक, खचलेली भिंत, भिजलेलं धान्य, बंद पडलेला फ्रिज, सगळ्याचे फोटो तारखेसह ठेवा. जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घेतल्याशिवाय ते पुरू नका. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असणंही आता गरजेचं झालं आहे.

किती मिळतं

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर असे. पुरात माणूस गेला तर वारसांना ४ लाख रुपये. सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. अंशतः पडझड असेल, म्हणजे किमान १५ टक्के, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. झोपडी गेली तर ८,०००, गोठा गेला तर ३,०००. दुभत्या जनावराला ३७,५००, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००. आठवड्याहून जास्त काळ रुग्णालयात राहावं लागेल अशी इजा झाली तर १६,०००.

या आकड्यांत मला सगळ्यात जास्त खटकते ती अंशतः पडझडीची रक्कम. मातीची एक भिंत परत उभी करायची तर गवंड्याची मजुरी, वाळू आणि सिमेंट धरून ४,००० रुपये कुठल्या कुठे जातात. हे राज्यालाही माहीत असावं. २०२१ च्या महापुरानंतर राज्याने स्वतःची भर घालून पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, निम्म्या पडझडीला ५० हजार, पाव पडझडीला २५ हजार आणि १५ टक्क्यांच्या पडझडीला १५ हजार रुपये दिले. दुकानदारांना ५० हजारांपर्यंत आणि टपरीधारकांना १० हजारांपर्यंत मदत दिली. एरवी केंद्राच्या दरांत दुकानाचा विचारच नाही. जुन्या जालन्यात तळमजल्यावर दुकान आणि वर घर अशी रचना जागोजागी आहे. तिथे घराला काहीच होत नाही आणि पोट मात्र मारलं जातं.

सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतीला मोठा हिस्सा होता: खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, गाळाने भरलेल्या विहिरीला ३० हजार. पडलेल्या घरांसाठी पंतप्रधान आवास योजनेतून नवं घर आणि दुकानदारांसाठी ५० हजार याही गोष्टी त्यात होत्या. ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा अशी मागणी होती. नियमपुस्तिकेत ओला दुष्काळ असा प्रकारच नाही, म्हणून दुष्काळाच्या सवलती लागू केल्या असं सांगण्यात आलं. शहरी कुटुंबाला या सवलतींतून थेट लागू होणारी महत्त्वाची सवलत म्हणजे मुलांची परीक्षा शुल्कमाफी होती. अशी सवलत जाहीर झाली की ती शाळा-महाविद्यालयात विचारून घ्यावी.

दोन दिवसांची अट

घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात बुडालेलं राहिलं, तर कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी, घरगुती सामानासाठी २,५०० रुपये मिळतात. केंद्राच्या नियमातलं हे वाक्य कुंडलिकेच्या काठावर अगदी निरुपयोगी ठरतं. इथे मध्यरात्री गुडघाभर पाणी शिरतं आणि दुपारपर्यंत ओसरतं. पण वर्षभराचं धान्य, शिलाई मशीन, मुलांची पुस्तकं आणि गादी खराब व्हायला तीन तास पुरतात.

राज्य शासनाने मोठ्या पुरांनंतर ही अट शिथिल केली आहे. २०१९ मध्ये पूरग्रस्त कुटुंबाला ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार दिले गेले. २०२१ मध्ये कपडे आणि भांड्यांसाठी मिळून १० हजार. पण ही शिथिलता दर वेळी नव्याने जाहीर व्हावी लागते, आणि ती जाहीर होते ती कोल्हापूर-सांगली बुडाल्यावर, मुंबईच्या वाहिन्यांचे कॅमेरे पोहोचल्यावर. एका शहरातल्या चार गल्ल्या बुडाल्या तर कोणी शासन निर्णय काढत नाही. नदीच्या झटपट पुरासाठी दिवसांऐवजी पाण्याची उंची हा निकष असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर पंचनाम्यात ‘पाणी शिरले’ एवढंच न लिहिता किती फूट चढलं आणि कोणतं सामान निकामी झालं, हे लिहून घ्यावं. अट पुढे शिथिल झाली तर तीच नोंद कामी येते.

भाडेकरू, वाडे आणि नदीकाठच्या वस्त्या

घराच्या पडझडीची मदत घरमालकाला मिळते. कपडे-भांड्यांची मदत मात्र कुटुंबाला मिळते, मग ते भाड्याने का राहत असेना. हा फरक अनेकांना माहीत नसतो. जुन्या वाड्यांत एका छताखाली तीन-चार चुली असतात आणि पंचनामा एकाच नावाने होतो. प्रत्येक कुटुंबाने आपलं रेशनकार्ड दाखवून वेगळी नोंद मागावी. कार्ड एकत्र असेल तर गॅस जोडणी, भाडेकरार किंवा वेगळं वीजबिल पुढे करावं. भाऊबंदकीचा वाद असेल तर वारसांनी एकाच्या नावाने संमतीपत्र करून द्यावं. नाहीतर सगळेच उपाशी राहतात.

नदीकाठच्या वस्त्यांचा प्रश्न याहून कठीण. पडलेलं घर अधिकृत असल्याचं सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावं, अशी अट आहे. अतिक्रमणातल्या झोपडीवाल्याला इथेच दार बंद होतं. पण माणूस गेला, जनावर गेलं, निवाऱ्यात राहावं लागलं, तर या मदतीचा घराच्या मालकीशी संबंध नाही. ती मागायला कचरू नये.

पैसे खात्यात येताना

तहसीलदार यादी मंजूर करतात, जिल्हाधिकारी निधीची मागणी करतात, मदत व पुनर्वसन विभाग ती मंजूर करतो आणि पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. तुम्ही पासबुकाची झेरॉक्स दिली त्याच खात्यात येतील असं नाही. ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलेलं आहे, तिथे जातात. कधीकाळी उघडून विसरलेल्या जनधन खात्यात पैसे पडून असतात आणि माणूस तहसीलच्या चकरा मारत राहतो. शेतीच्या मदतीत यादीत विशिष्ट क्रमांक येतो. तो घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागू शकते. मदतीची रक्कम बँकेने जुन्या कर्जात वळती करू नये, असे शासनाचे आदेश असतात. वळती केली तर लेखी तक्रार करावी.

यादी भिंतीवर लागलीच पाहिजे

यादीवर लक्ष का ठेवायचं, हे जालना जिल्ह्याला वेगळं सांगायची गरज नाही. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातल्या अतिवृष्टी अनुदानात बोगस लाभार्थी दाखवून कोट्यवधी रुपये लाटल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. महसूल कर्मचारी निलंबित झाले, गुन्हा दाखल झाला. ज्यांच्या नावे जमीन नाही अशांच्या खात्यात पैसे गेले होते. आपत्तीचा पैसा हडपणं हा आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५३ खाली गुन्हा आहे, आणि खोटा दावा करणं कलम ५२ खाली. खोट्या दाव्याचं कलम आपल्यालाही लागू आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. लाभार्थ्यांची यादी सर्वांना पाहता येईल अशी लावायला सांगा आणि ती वाचा. आपलं नाव आहे का, आणि गल्लीत कधी न दिसलेलं नाव आहे का, दोन्ही बघा.

नाव सुटलं तर

आधी तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे जा, नंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात जिल्हाधिकाऱ्यांसमोर. पंचनाम्याची प्रत माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कावर मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. तोंडी विनंतीला सरकारी कचेरीत काही किंमत नाही. पोच असलेल्या कागदाला आहे.

पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी बँकेत जाऊन आपलं आधार नेमकं कोणत्या खात्याला जोडलेलं आहे ते विचारून या. आणि रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, वीजबिल यांचे फोटो काढून गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.