कवायतीच्या पुस्तकाचा पहिला धनी

नांदेड-लातूरकडील एखाद्या जुन्या वाड्याचे फडताळ उपसताना पोथ्या आणि खतावण्यांच्या गठ्ठ्यांतून अकस्मात लष्करी कवायतीचे जीर्ण पुस्तक हाती लागले, तर शोधक बहुधा प्रथम कोऱ्या पानावरील सहीकडे धाव घेतो. मला मात्र तो मार्ग फसवा वाटतो. पुस्तक हातोहात फिरते, सह्या वाढत जातात. पलटणीचा शिक्का तेवढा काळाची हद्द बांधून देतो.

या मुलखात तो शिक्का बहुधा हैदराबाद कंटिंजंटचा निघावा. ही फौज निजामाच्या नावाची, अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि खर्च निजामाच्या माथी, असा तो विलक्षण व्यवहार होता. त्या खर्चापोटी १८५३च्या तहान्वये वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे गेला. पैकी दुआब व धाराशिव १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांच्याच अमलाखाली राहिले. कंटिंजंटच्या छावण्या हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, औरंगाबाद आणि जालना येथे होत्या. १९०३ मध्ये ती हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. तिच्या सहा पायदळ पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले, आणि १९२२ मध्ये त्या वंशातून एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली, जी १९४५ पासून कुमाऊं रेजिमेंट म्हणून ओळखली जाते. म्हणजे ‘९७’ या आकड्याचा शिक्का असेल, तर तो १९०३ पूर्वीचा नव्हे.

सहीखाली तारीख असेल, तर मात्र सावध राहावे. निजामाच्या राज्यात हिजरी सन आणि सरकारी कामकाजाचा फसली सन हे दोन्ही चालत. समजा, पानावर नुसते ‘१३२०’ लिहिले आहे. हिजरी धरल्यास ते १९०२-०३ साल होते, जेव्हा कंटिंजंट अद्याप अस्तित्वात होती. फसली धरल्यास त्यात ५९० मिळवून १९१०-११ येते, जेव्हा ती नामशेष होऊन सात वर्षे लोटली होती. निवाडा महिना करतो: मोहरम, सफर असेल तर हिजरी, आजुर, दै, बहमन असेल तर फसली. छापील पुस्तकाची साक्ष वेगळीच. विलायतेतील सरकारी छापखान्याच्या पुस्तकांत पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रतींची संख्या, महिना व साल असे, आणि त्याआधी ती प्रत कोणाच्याही हाती असणे अशक्य, हे उघडच आहे.

रिसाल्याच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. कंटिंजंटचा रिसाला शिलेदारी होता. घोडा, खोगीर आणि सरंजाम स्वाराचा, पगार सरकारचा. घोडा ज्याचा त्याची असामी, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर. तेव्हा घोड्याचा धनी एक, स्वार दुसरा, पुस्तकावर सही तिसऱ्याची, असेही संभवते. (आमच्याकडे जमिनीच्या कागदांत ही गुंतागुंत मुळीच नवी नाही!)

याउपर दफ्तरांची पायपीट. गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि रिसालदार-सुभेदारांची नावे हिंदुस्थानी सैन्याच्या छापील यादीत सापडतात. साध्या शिपायाचे नाव त्यात येत नाही. इंडिया ऑफिसचे लष्करी कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, निजामी दफ्तर हैदराबादच्या अभिलेखागारात, आणि त्यातील बराच मजकूर फारसी व उर्दूत असल्यामुळे केवळ मोडी येणाऱ्या अभ्यासकालाही तेथे दुभाष्या लागतो.

शिपायाचा क्रमांक मिळाला, तरी तो त्याच्या पलटणीपुरताच असे. तोच आकडा दुसऱ्या पलटणीतही आढळू शकतो. म्हणून घरातील पदकांची विचारपूस अवश्य करावी. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पुस्तकातील क्रमांक आणि पलटण त्या कडेशी तंतोतंत जुळली, तर धनी मिळाला म्हणण्यास प्रत्यवाय नाही. नाव तेवढे जुळले आणि पलटण वेगळी निघाली, तर शोध पुढे चालूच ठेवावा.