सायकलवर रेनकोट घालूनही पाठ चिखलाने का भरते?

पावसाळ्यात सायकलने ऑफिसला जाणारा माणूस रेनकोट घालतो, तरी पाठीवर चिखलाची उभी पट्टी घेऊनच पोहोचतो. कारण हे पाणी ढगातून नाही, चाकावरून येतं.

ओल्या रस्त्यावरचं पाणी टायरला चिकटून वर येतं आणि सुटलं की सरळ रेषेत उडतं. मागच्या चाकाची मागची बाजू खालून वर फिरते, त्यामुळे तिथलं पाणी थेट पाठीवर. पुढचं चाक मात्र पाणी बूट, पेडल आणि चेनवर फेकतं. त्यात बारीक रेती असते. चेनवरचं ऑइल धुतलं जातं आणि रेतीने चेन लवकर झिजते.

जुन्या काळ्या सायकलींना दोन्ही चाकांवर लोखंडी मडगार्ड कंपनीतूनच बसवून यायचं. आजच्या बऱ्याच गिअरच्या सायकलींना ते नसतं. मग लोक सीटखाली प्लॅस्टिकची छोटी पट्टी लावतात. पाठ काही प्रमाणात वाचते, पण पाय आणि चेन नाही.

त्यामुळे घ्यायचं तर दोन्ही चाकांचं, टायरपेक्षा रुंद आणि खालपर्यंत येणारं मडगार्ड घ्या. पुढच्याला खाली रबरी फ्लॅप असेल तर उत्तम. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा सोडा. चिकट चिखल साचून किंवा सैल मडगार्ड अडकून पुढचं चाक जाम झालं, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. म्हणून स्क्रू अधूनमधून तपासा.

आणि हो, मागचं मडगार्ड फक्त तुमच्यासाठी नसतं. मागून येणाऱ्याचं तोंडही त्यानेच वाचतं!