घटक ५ : अद्ययावतीकरणानंतर मंदावलेला लॅपटॉप – कारणे, निदान आणि उपाय

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• अद्ययावतीकरणानंतर लॅपटॉप का मंदावतो, हे सांगता येईल.
• तात्पुरता मंदपणा आणि टिकून राहणारा दोष यांतील फरक ओळखता येईल.
• टास्क मॅनेजरमधील आकड्यांवरून मंदपणाचे कारण शोधता येईल.
• अभ्यास-सामग्रीला धोका न पोहोचवता क्रमाने उपाय करता येतील.
• दोषाचे नेमके वर्णन मराठीत लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप ही वही असते, ग्रंथालय असते आणि पुष्कळदा वर्गखोलीही असते. नोकरी आणि संसार सांभाळून अभ्यासासाठी रात्रीचे दोन तास काढावेत आणि त्यांतला पाऊण तास पडद्यावर फिरणारे वर्तुळ पाहण्यात जावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल.

एक उदाहरण घेऊ. नालासोपाऱ्यात राहणारी आणि अंधेरीला नोकरी करणारी एक विद्यार्थिनी आहे, असे समजा. तिने प्रकल्पासाठी वसईतील सामवेदी बोली निवडली आहे. या बोलीला कादोडी असेही म्हणतात. सुट्टीच्या दिवशी निर्मळ, नंदाखाल या परिसरात जाऊन तिने वृद्ध स्त्रियांकडून शेतीचे शब्द, म्हणी आणि आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. सहा तासांचे हे ध्वनिमुद्रण फक्त तिच्या लॅपटॉपवर आहे. बोलणाऱ्या आजींपैकी एक आता हयात नाहीत. प्रकल्प सादर करण्यास आठवडा उरला असताना लॅपटॉपचे अद्ययावतीकरण झाले आणि दुसऱ्या दिवशी साधी फाइल उघडायला पाच मिनिटे लागू लागली. शेजारचा मुलगा म्हणाला, “ताई, फॉरमॅट मारून टाका.” दुरुस्तीच्या दुकानात सांगितले, “जुना झालाय, नवा घ्या.”

हे दोन्ही सल्ले निदानाआधीच दिलेले आहेत. ताप हे जसे लक्षण आहे, आजार नव्हे, तसाच मंदपणाही लक्षण आहे. पहिल्या सल्ल्याने लॅपटॉप कदाचित वेगवान होईल. पण त्या आजींचा आवाज कायमचा पुसला जाईल. म्हणून कोणता उपाय कोणत्या क्रमाने करावा, हे या घटकात पाहू.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ अद्ययावतीकरणाचे प्रकार

संगणकातील यंत्रभाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून सर्व कारभार पाहणारी आज्ञाप्रणाली म्हणजे कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्याकडे बहुतेकांच्या लॅपटॉपवर विंडोज ही कार्यप्रणाली असते. म्हणून येथे तिचाच विचार केला आहे.

विंडोजचे अद्ययावतीकरण स्थूलमानाने दोन प्रकारचे असते. पहिले मासिक. मायक्रोसॉफ्ट ही कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षाविषयक दुरुस्त्या प्रसृत करते. भारतात तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते. दुसरे मोठे अद्ययावतीकरण. यात कार्यप्रणालीची संपूर्ण आवृत्तीच बदलते. विंडोज १० ही आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार संपला. त्यामुळे अनेक जुन्या लॅपटॉपांवर विंडोज ११ बसवले गेले. या आवृत्तीसाठी किमान ४ गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट साठवण आवश्यक आहे. ‘किमान’ या शब्दाकडे लक्ष द्या. किमान क्षमतेवर कार्यप्रणाली चालते. ती सुखाने चालेलच असे नाही.

५.२.२ लॅपटॉप का मंदावतो?

गणपतीपूर्वी घराला रंग काढला की भिंती उजळतात. पण सामान जागच्या जागी लागेपर्यंत दोन दिवस साधा चमचा सापडत नाही. अद्ययावतीकरणानंतर लॅपटॉपचे तसेच होते. पडद्यावर ‘पूर्ण झाले’ असे दिसले, तरी आत आवराआवर सुरूच असते. शोधासाठी लागणारी सर्व फाइलींची सूची नव्याने तयार होते. विषाणूरोधक प्रोग्रॅम फाइली तपासतो. उरलेले छोटे प्रोग्रॅम उतरवून घेतले जातात. मोठ्या अद्ययावतीकरणात जुन्या कार्यप्रणालीची प्रतही काही दिवस ठेवली जाते आणि ती अनेक गिगाबाइट जागा व्यापते.

हे काम किती काळ जाणवेल, हे साठवणीच्या प्रकारावर अवलंबून असते. जुन्या लॅपटॉपांत हार्ड डिस्क असते. तिची तबकडी साधारणतः मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारा काटा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो. विखुरलेल्या ठिकाणांहून वाचायचे झाल्यास सेकंदाला जेमतेम शंभरएक वाचने होतात. एसएसडी या नव्या साठवणीत फिरणारा भाग नसतो. ती अशी हजारो वाचने सहज करते. म्हणून एकच अद्ययावतीकरण एका लॅपटॉपला अर्धा तास, तर दुसऱ्याला दोन दिवस जड जाते.

५.२.३ पहिले काम : प्रत काढणे

कोणताही उपाय करण्यापूर्वी आपल्या सामग्रीची प्रत काढावी. लॅपटॉप मंद असला, तरी हे काम त्याच अवस्थेत करावे. असंकुचित स्वरूपातील एक तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे ६०० मेगाबाइट भरते. म्हणजे सहा तासांचे ध्वनिमुद्रण चार गिगाबाइटच्या आत मावते. त्यासाठी १६ गिगाबाइटचा साधा पेनड्राइव्ह पुरेसा आहे. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि शक्य तर दुसरी इंटरनेटवरील साठवणीत ठेवावी. पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडून चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. आपले जुने लेखन युनिकोडमध्ये नसलेल्या फाँटमध्ये असेल, तर तो फाँटही जपून ठेवावा. फॉरमॅट केल्यावर फाँट नाहीसा होतो आणि आपला निबंध निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन समोर येतो. सामग्री जाते असे नाही. पण वाचता येत नाही.

५.२.४ दुसरे काम : थांबणे आणि रीस्टार्ट करणे

चार्जर जोडून, इंटरनेट सुरू ठेवून आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करून तो एक रात्र तसाच राहू द्यावा. सकाळी ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करावा. या दोहोंत फरक आहे. लवकर सुरू होता यावे म्हणून विंडोज बंद होताना कार्यप्रणालीच्या गाभ्याची स्थिती बहुधा जतन करून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते.

वसई-विरार परिसरात पावसाळ्यात वीज अवेळी जाण्याचा अनुभव नवा नाही. म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली असल्याशिवाय अद्ययावतीकरण सुरू करू नये आणि ते चालू असताना बटण दाबून लॅपटॉप बंद करू नये. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट वापरत असाल, तर सेटिंग्जमध्ये त्या जोडणीपुढे ‘मीटर्ड कनेक्शन’ हा पर्याय सुरू करावा. अन्यथा दिवसाचा डेटा पडद्याआड संपतो. अद्ययावतीकरण उतरवण्याचे काम घरच्या वायफायवर करावे.

५.२.५ तिसरे काम : मोजणे

एक-दोन दिवसांनंतरही मंदपणा राहिला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील तीन रकाने पाहावेत.

• डिस्क सतत १०० टक्के : ज्या प्रोग्रॅमपुढे मोठा आकडा आहे त्याचे नाव पाहा. ते शोधसूचीचे किंवा विषाणूरोधकाचे असेल, तर आणखी थांबा. आठवडाभर हीच स्थिती राहिली आणि आत हार्ड डिस्क असली, तर अडचण तिथेच असण्याचा संभव अधिक.
• मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर : रॅम अपुरी पडते आहे. ब्राउझरची वीस पाने एकाच वेळी उघडी नाहीत ना, हे पाहा. रॅम भरली की लॅपटॉप उरलेले काम डिस्कवर ढकलतो आणि डिस्कही मंदावते.
• सीपीयू सतत वर : एखादा प्रोग्रॅम अडकलेला आहे किंवा एखादा ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी जुळलेला नाही.
• तिन्ही आकडे कमी, तरी लॅपटॉप मंद : वीजबचतीची रचना सुरू असेल किंवा लॅपटॉप तापत असेल. धूळ साचली किंवा लॅपटॉप गादीवर ठेवला, की हवेची वाट बंद होते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो.

५.२.६ चौथे काम : एका वेळी एकच उपाय

एका वेळी एकच बदल करावा, रीस्टार्ट करावे आणि वहीत नोंद ठेवावी : दिनांक, केलेला बदल, लॅपटॉप सुरू व्हायला लागलेला वेळ. पाच बदल एकदम केले तर कशाने गुण आला, हे कळत नाही. बिघडले तर कशाने बिघडले, हेही कळत नाही. उपायांचा क्रम असा :

१. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप ॲप्स’ या भागात जाऊन लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. विषाणूरोधक मात्र बंद करू नये.
२. सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ या भागातून तात्पुरत्या फाइली काढाव्यात. ‘डाउनलोड्स’पुढची खूण आधी काढावी, आपल्या अभ्यासपुस्तिका पुष्कळदा तिथेच असतात.
३. वीजवापराची रचना ‘बॅलन्स्ड’ करावी.
४. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्यावेत.
५. आवृत्ती बदलल्यापासून दहा दिवसांच्या आत असाल, तर सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ या भागातून मागील आवृत्तीवर परतता येते. जुन्या आवृत्तीची जपलेली प्रत तोपर्यंत काढून टाकू नये. मासिक दुरुस्ती स्वतंत्रपणे काढता येते. परंतु त्यामुळे सुरक्षेतील फट उघडी राहते, म्हणून तो तात्पुरता उपाय समजावा.
६. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे किंवा रॅम वाढवणे. जुन्या लॅपटॉपला नवे आयुष्य देणारा हा उपाय नव्या लॅपटॉपच्या तुलनेत अल्प खर्चात होतो. काढलेली जुनी डिस्क दुकानातून परत मागून घ्यावी.
७. फॉरमॅट. हा शेवटचा उपाय. तोही प्रत तपासल्यानंतरच.

‘आपला लॅपटॉप धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश पडद्यावर आला, तर फोन करू नये आणि अनोळखी व्यक्तीला लॅपटॉपचा ताबा देणारा प्रोग्रॅम बसवू नये. पैसे गेलेच, तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

५.२.७ दोषाचे वर्णन : एक भाषिक कौशल्य

“लॅपटॉप स्लो झालाय” या वाक्यातून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच कळत नाही. पुढील वाक्ये पाहा : “मंगळवारी रात्री अद्ययावतीकरण झाले. त्याआधी लॅपटॉप दीड मिनिटात सुरू होत असे. आता सहा मिनिटे लागतात. तीन रात्री चार्जर लावून ठेवला. डिस्कचा आकडा १०० वरच राहतो, मेमरी ६० आहे. आतील फाइली पुसायच्या नाहीत.” यात काळ आहे, तुलना आहे, मोजमाप आहे आणि अटही आहे. व्यावहारिक मराठीत आपण ज्या नेमकेपणाचा आग्रह धरतो, तो इथे पैसे आणि सामग्री दोन्ही वाचवतो.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीने हेच केले, असे समजा. पहिल्या रात्री तिने फक्त प्रत काढली आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातील संगणकावर ती ऐकून पाहिली. आजींचा आवाज स्पष्ट होता. मग दोन रात्री लॅपटॉप तसाच ठेवला, चार अनावश्यक प्रोग्रॅम बंद केले. फाइल उघडायला लागणारी पाच मिनिटे दीड मिनिटावर आली. प्रकल्प वेळेत गेला. डिस्क बदलण्याचा निर्णय तिने प्रकल्प सादर झाल्यानंतर, सवडीने घेतला. घाई फक्त प्रत काढण्याची असते; बाकी सर्व उपायांना थोडा काळ थांबता येते.

५.३ सारांश

अद्ययावतीकरणानंतरचा मंदपणा बहुधा तात्पुरता असतो. कारण पडद्याआड सूची तयार करणे, तपासणी आणि जुळवाजुळव सुरू असते. हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपवर तो अधिक जाणवतो. प्रत काढणे, थांबणे, मोजणे आणि एका वेळी एकच उपाय करणे हा क्रम पाळावा. फॉरमॅट हा शेवटचा उपाय होय. दोषाचे वर्णन काळ, तुलना आणि मोजमापासह करावे.

५.४ पारिभाषिक शब्द

कार्यप्रणाली : यंत्रभाग व प्रोग्रॅम यांचा कारभार पाहणारी मूलभूत आज्ञाप्रणाली.
रॅम : चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती.
ड्रायव्हर : एखादा यंत्रभाग कार्यप्रणालीशी जोडून देणारा छोटा प्रोग्रॅम.
फॉरमॅट : साठवणीवरील सर्व फाइली पुसून ती नव्याने मांडणे.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. विंडोज १० चा नियमित आधार कोणत्या दिवशी संपला?
२. ‘शट डाउन’पेक्षा ‘रीस्टार्ट’ का करावे?
३. मागील आवृत्तीवर परतण्याची मुदत किती दिवसांची असते?
४. युनिकोडमध्ये नसलेला फाँट का जपावा?

उत्तरे : १. १४ ऑक्टोबर २०२५. २. रीस्टार्टमध्ये कार्यप्रणाली जतन केलेली स्थिती न उचलता पूर्णतः नव्याने सुरू होते. ३. दहा दिवस. ४. त्याच्याविना जुने लेखन वाचता येत नाही.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘मंदपणा हे लक्षण आहे, आजार नव्हे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून डिस्क, मेमरी व सीपीयू यांचे आकडे सलग तीन दिवस नोंदवा आणि त्यांवरून निष्कर्ष लिहा.
३. दुरुस्ती करणाऱ्यास द्यावयाचे दोषवर्णन सुमारे शंभर शब्दांत लिहा.
४. आज रात्री आपल्या सर्वांत मोलाच्या फाइलीची प्रत काढा आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा.