पडद्यावरची रायफल आणि रणांगणावरची रायफल

एखादा युद्धपट गाजू लागला की मुले वर्गात त्याच्याबद्दलच बोलत असतात. पाठ्यपुस्तकात लढाईला चार ओळी मिळतात. पडद्यावरची लढाई मात्र तासभर चालते आणि वर्षानुवर्षे आठवते. त्यामुळे पडद्यावरच्या सैनिकाच्या हाती त्या काळची रायफल आहे की नाही, हा प्रश्न केवळ शस्त्रांच्या शौकिनांचा राहत नाही. रायफल भरायला किती वेळ लागतो, ती किती धूर सोडते, एका दमात किती गोळ्या झाडते, यावर सैनिकाने कसे लढायचे हे ठरत असते. रायफल बदलली की लढाईचे गणित बदलते. ते कसे, हे तीन प्रश्नांच्या आधारे पाहू या.

पहिला प्रश्न : रायफल भरतात कशी?

१८५७ सालची एन्फिल्ड रायफल ठासणीची होती. कागदी काडतूस दातांनी फाडायचे, त्यातली दारू नळीच्या तोंडातून ओतायची, गोळी आत सारून गजाने ठासायची, मग मागच्या बाजूला स्फोटक टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. सरावलेला शिपाईसुद्धा मिनिटाला दोन-तीनच गोळ्या झाडू शके. नळीच्या आत पिळाच्या खाचा असत. त्यांतून गोळी सहज सरकावी म्हणून काडतुसाला वंगण लावलेले असे. हे वंगण गाईच्या व डुकराच्या चरबीचे असल्याची वार्ता पसरली आणि पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. ‘मंगल पांडे : द रायझिंग’ (२००५) या चित्रपटाचे कथानक याच काडतुसाभोवती फिरते.

आता कल्पना करा, की १८५७ वरच्या एखाद्या चित्रपटात शिपायांच्या हाती मागून पितळी काडतूस भरायची रायफल दिली. तसे केले तर दातांनी काही फाडायचे कारणच उरत नाही, म्हणजे असंतोषाचे एक मोठे कारणच प्रेक्षकाच्या नजरेआड होते. आणखी एक गोष्ट सहसा सुटते. त्या वेळी कंपनी सरकारच्या बहुतेक हिंदी शिपायांच्या हाती जुनी, गुळगुळीत नळीची बंदूकच होती. एन्फिल्ड नुकतीच येऊ लागली होती. पुढच्या लढायांत लांबवर नेमका मारा करणारी एन्फिल्ड प्रामुख्याने इंग्रजांच्या बाजूला राहिली. सगळ्यांच्या हाती एकच शस्त्र दाखवले तर हा विषम सामना दिसणार कसा?

दुसरा प्रश्न : धूर किती?

जुनी काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची बनते. प्रमाण साधारण ७५ : १५ : १०. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वस्तुमान वायूच्या नव्हे, तर घन कणांच्या रूपात उरते. या कणांचाच दाट पांढरा धूर होतो. शे-दोनशे सैनिकांनी एकदम गोळ्या झाडल्या की समोरचा शत्रू धुरात दिसेनासा होई. रंगीबेरंगी गणवेश आणि निशाणे यांचा एक उपयोग या धुरात आपली माणसे ओळखू यावीत हाही होता.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी निर्धूर दारू तयार केली. तिचे जवळजवळ सगळे वायूतच रूपांतर होते. आता गोळी कुठून आली हे कळेना. लपून मारा करणे सोपे झाले आणि सैन्यांनी मातकट रंगाचे कपडे सरसकट स्वीकारले. म्हणून १८८४ च्या आधीची लढाई पडद्यावर स्वच्छ हवेत चालली असेल, तर ती दिसायला सोयीची असली तरी खरी नाही.

तिसरा प्रश्न : एका दमात किती गोळ्या?

दक्षिण आफ्रिकेतील नाताल प्रांतात रोर्क्स ड्रिफ्ट येथे २२ व २३ जानेवारी १८७९ रोजी सुमारे दीडशे ब्रिटिश सैनिकांनी तीन-चार हजार झुलू योद्ध्यांना रोखले. सैनिकांच्या हाती मार्टिनी-हेन्री रायफल होती. तिच्यात मॅगझिन नाही. चापाखालची दांडी ओढायची, पुंगळी बाहेर पडते, नवे काडतूस हाताने ठेवायचे, दांडी वर घ्यायची, आणि एकच गोळी झाडायची. सुमारे वीस हजार काडतुसांपैकी शेवटी हजाराच्या आतच उरली, असे सांगतात. नळ्या इतक्या तापल्या की हात भाजत. संगिनींची गाठ पडण्याइतके झुलू जवळ पोहोचले, याचे एक कारण दोन गोळ्यांमधली ही उसंत होती.

या लढाईवरचा ‘झुलू’ (१९६४) हा चित्रपट प्रसिद्ध आहे. त्यात मुख्य पात्रांच्या हाती मार्टिनी-हेन्री दिसते, पण मागच्या काही सैनिकांच्या हाती बोल्टची ली-एन्फिल्ड आहे. ही रायफल १८९५ ची, म्हणजे लढाईनंतर सोळा वर्षांनी आलेली! जुन्या रायफली पुरेशा मिळाल्या नाहीत की निर्माते अशी उसनवारी करतात.

आणखी एक अडचण भौतिकशास्त्राची आहे. चित्रीकरणात ब्लँक काडतुसे वापरतात, त्यांत गोळी नसते. खऱ्या .३०३ रायफलीची गोळी सुमारे ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. संवेग सुमारे ८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. चार किलोची रायफल तेवढ्याच संवेगाने मागे येणार, म्हणजे सेकंदाला दोन मीटर वेगाने खांद्यावर आदळणार. ब्लँकमध्ये हा धक्का फारच थोडा असतो, म्हणून नटाला तो अभिनयाने दाखवावा लागतो. शिवाय आपोआप भरणाऱ्या रायफलींना पुढची गोळी आत घेण्यासाठी नळीतला वायूचा दाब लागतो. गोळीच नसेल तर वायू सरळ निसटतो आणि दाब पुरत नाही. म्हणून नळी अंशतः बुजवून घ्यावी लागते. असे फेरफार केलेली जी शस्त्रे हाताशी असतात, तीच मग वेगवेगळ्या युद्धांत फिरत राहतात.

ही उसनवारी नेहमी निरुपद्रवी असते का? १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये चुशूलजवळ रेझांग ला येथे मेजर शैतान सिंह यांच्या हाताखालची १३ कुमाऊँची कंपनी लढली. सुमारे १२० जवानांपैकी शंभराहून अधिक कामी आले. त्यांच्या हाती होती थ्री नॉट थ्री. एन.सी.सी.मध्ये आपल्यातील कित्येकांनी ती खांद्यावर वागवली असेल. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा. कसलेला सैनिक मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडू शके. समोर मात्र आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. वीस गोळ्यांची आणि आपोआप भरणारी एस.एल.आर. आपल्या पायदळाला मिळू लागली ती या युद्धानंतर. १९६२ च्या चित्रपटात जवानांच्या हाती एस.एल.आर. दिली, तर दृश्य जोरदार होईल. पण ते जवान कशाच्या बळावर आणि कशाच्या अभावी लढले हे पुसले जाईल. सैन्याला वेळेवर चांगली शस्त्रे का मिळाली नाहीत, हा प्रश्नही मग कुणाच्या मनात येणार नाही.

शिक्षकांना यातून एक सोपा उपक्रम घेता येईल. ज्या लढाईवर चित्रपट आहे तिचे साल मुलांनी फळ्यावर लिहावे. मग पडद्यावरच्या एका सैनिकाच्या गोळ्या मोजाव्यात, त्याने रायफल किती वेळा भरली ते पाहावे आणि धूर कितपत होता हे टिपावे. त्या सालच्या रायफलीशी याचा मेळ बसतो का, ते ताडून पाहावे. मेळ बसला नाही तर चित्रपट टाकाऊ ठरवण्याची घाई नको. ‘खरी रायफल असती तर हे दृश्य कसे घडले असते?’ एवढे मुलांना विचारावे. उत्तर शोधताना इतिहास, रसायन आणि भौतिकशास्त्र ही तिन्ही पुस्तके एकाच वेळी उघडावी लागतील.