मोजमाप सरकारचे, हवा सर्वांची

पोलंडच्या ईशान्येस सरोवरांच्या प्रदेशात मिकोवाइकी नावाचे एक लहानसे गाव आहे. २८ एप्रिल १९८६ रोजी पहाटे तेथील मापनकेंद्राच्या उपकरणाने हवेतील किरणोत्सर्ग एकाएकी कित्येक पटींनी वाढल्याचे दाखविले. अण्वस्त्रयुद्धाच्या भीतीतून उभारलेल्या देशव्यापी जाळ्यातील हे एक केंद्र. त्यामुळे कोठेतरी बाँब पडला की काय, हीच शंका प्रथम येणे स्वाभाविक होते. वॉर्सा येथील प्रयोगशाळेत हवेतील धूळ तपासली गेली, तेव्हा ती बाँबची नसून अणुभट्टीची असल्याचे स्पष्ट झाले. भट्टी कोणती, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. चेर्नोबिलच्या स्फोटाला तोवर दोन दिवस उलटून गेले होते. पण मॉस्कोने आपल्या मित्रराष्ट्रालाही त्याची वार्ता दिली नव्हती. त्याच सकाळी स्वीडनमधील फोर्समार्क अणुकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांना चिकटलेल्या धुळीमुळे धोक्याची घंटा वाजली. मॉस्कोने त्रोटक कबुली दिली ती त्या दिवशी रात्री.

हवेतील किरणोत्सर्ग मोजण्याचे काम सरकारनेच का करावे, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडते. जे सर्वांना सारखेच उपयोगी पडते आणि ज्याची किंमत एकेकट्या ग्राहकाकडून वसूल करता येत नाही, ते बाजारात विकत मिळत नसते. शिवाय हे विष दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. गिरणीचा धूर दारात आला तर गृहिणी खिडकी लावून घेते. येथे खिडकी केव्हा लावायची हेदेखील सरकारी उपकरणच सांगणार. तथापि पुस्तके येथेच थांबतात. नोंद झाली म्हणजे संरक्षण झाले, असे त्यांत गृहीत धरलेले असते. पोलंडची हकीकत महत्त्वाची आहे ती याच ठिकाणी.

अणुभट्टी फुटली की बाहेर पडणाऱ्या द्रव्यांपैकी पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत घातक ठरते ते किरणोत्सारी आयोडिन-१३१. ते वाऱ्याबरोबर येते, गवतावर बसते, गाय ते गवत खाते आणि एकदोन दिवसांत ते दुधात उतरते. दूध पिते मूल, आणि मुलाच्या गळ्यातील लहानशी थायरॉइड ग्रंथी हे आयोडिन अधाशीपणे शोषून घेते. त्याचे अर्धायुष्य अवघे आठ दिवसांचे. म्हणजे धोका थोड्या काळाचा, आणि उपायाची वेळ त्याहूनही थोडी. साधे आयोडिन आधीच पाजले तर ग्रंथी भरून जाते व विषारी आयोडिनाला तेथे जागा उरत नाही. परंतु हा डोस ढग येण्यापूर्वी वा त्यानंतर काही तासांतच द्यावा लागतो. आठवड्यानंतर दिल्यास त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

पोलंडच्या सरकारने २९ एप्रिललाच आयोग नेमला आणि त्याच संध्याकाळी ईशान्येकडील जिल्ह्यांत आयोडिनाचे वाटप सुरू झाले. एवढ्या गोळ्या देशात नव्हत्याच. औषधविक्रेत्यांनी दुकानात द्रावण तयार केले आणि शाळांतून, दवाखान्यांतून मुलांच्या रांगा लागल्या. सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना आणि ७० लाख प्रौढांना ते कडवट औषध पाजण्यात आले. गायी कुरणात सोडण्यास मनाई झाली, लहान मुलांना दुधाची भुकटी देण्यात आली. हे सरकार काही लोकशाहीचा पुतळा नव्हते. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, बातमी शक्य तितकी सौम्य करून छापली गेली आणि १ मेच्या मिरवणुकाही निघाल्या. पण मापकाचा आकडा आणि मुलाच्या हातातील पेला यांत त्याने वेळ घालविला नाही.

पुढे काही तज्ज्ञांनी, त्या निर्णयात सहभागी असलेल्यांनीही, एवढा खटाटोप अनाठायी होता असे मत दिले. प्रत्यक्ष मात्रा भीती होती त्याहून कमी निघाल्या. त्यांचे म्हणणे खरे मानले तरी त्याने निर्णय चुकीचा ठरत नाही. घराला आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता बुडाला असे कोणी म्हणत नाही. शिवाय हप्ता फार मोठाही नव्हता: गंभीर प्रतिक्रिया नोंदल्या गेल्या त्या दोन प्रौढांत, आणि आयोडिनाचे वावडे असल्याचे त्या दोघांना आधीपासून माहीत होते. उलट बाजूचा हिशेबही उपलब्ध आहे. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत मुलांनी दूषित दूध पिणे चालूच ठेवले, कारण त्यांच्या आयांना कोणी वेळेवर काही सांगितले नाही. तेव्हा वयाने लहान असलेल्यांपैकी सहा हजारांहून अधिक जणांना २००५ पर्यंत थायरॉइडचा कर्करोग झाल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने नोंदविले आहे. त्यांतील मोठ्या भागाचे कारण ते दूधच.

चेर्नोबिलची धूळ मुंबईपर्यंत आली ती लोण्याच्या रूपाने. युरोपीय समुदायाने देणगीदाखल पाठविलेले आयर्लंडचे लोणी या शहरातील दूधपुरवठ्यात मिसळले जाणार, हे कळल्यावर काही नागरिकांनी न्यायालयात धाव घेतली. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, तिने लोणी निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला आणि १९८८ मध्ये प्रकरण मिटले. लोणी बहुधा खरोखरच निर्धोक होते. पण ते तसे आहे, एवढे एक वाक्य विश्वास बसेल अशा तोंडून ऐकण्यासाठी मुंबईकराला दिल्लीपर्यंत जावे लागले, ही गोष्ट लोण्याहून अधिक विचार करण्याजोगी आहे.

भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर शेकडो ठिकाणी किरणोत्सर्ग मोजणारी स्वयंचलित उपकरणे बसविली आहेत. उपकरणांबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो नोंदवही कोणाच्या टेबलावर असते याचा. अणुऊर्जा नियामक मंडळाविषयीच्या २०१२ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी नेमके यावरच बोट ठेवले होते: अणुवीजकेंद्रांच्या किरणोत्सर्गावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी ती केंद्रे चालविणाऱ्यांकडेच होती. दुकानदाराने स्वतःच्याच तराजूची तपासणी करून स्वतःलाच प्रमाणपत्र द्यावे, असा हा व्यवहार. दुकानदार प्रामाणिक असला तरी गिऱ्हाइकाचे समाधान त्याने होत नाही.

जपानने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. मार्च २०११ मध्ये फुकुशिमातील किरणोत्सर्ग कोणत्या दिशेने पसरेल याचे गणित सरकारी संगणक करीत होते, पण ते गावकऱ्यांपर्यंत पोचले नाही. नामिए गावचे लोक सुरक्षित जागा म्हणून वायव्येकडील त्सुशिमा भागात जाऊन राहिले, आणि ढगही तिकडेच गेला होता. आता त्या प्रांतातील शाळांच्या पटांगणांत आणि उद्यानांत मापके उभी आहेत. त्यांवरचा आकडा दप्तर घेऊन जाणाऱ्या मुलालाही वाचता येतो.